चौगुले सरांची पहिली चाल

शिक्षकखोलीत चहा आला की चौगुले सर आपला कप उचलून टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवायचे. इतका कडेला की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. अकरा वर्षांत तो कप एकदाही पडला नाही, पण मला काही त्याची सवय झाली नाही. मी गुपचूप तो बोटभर आत सरकवायची आणि बोलता बोलता ते पुन्हा बाहेर काढायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, "सर, मध्ये एवढी जागा आहे की हो!" तर सर म्हणाले, "मधल्या जागेवर सगळ्यांचा डोळा असतोय बाई. वह्या येत्यात, डबं येत्यात, कोपरं येत्यात. कडंला कोण येतंय?"

कोल्हापुरात शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे आमची मराठी शाळा होती. मी मराठी शिकवायची, सर भूगोल. जवळच्या गडमुडशिंगी गावाहून जुन्या स्कूटरवर यायचे. अंगात कायम फिकट निळा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात डब्याची पिशवी. त्या पिशवीत डब्याच्या खाली गुंडाळलेला रेक्झिनचा बुद्धिबळाचा पट.

वर्गात त्यांची भाषा पाठ्यपुस्तकासारखी शुद्ध. भारताचा नकाशा काढायचा तर खडू कच्छच्या टोकाला टेकवून निघायचे, कोकण, केरळ करत कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत खडू उचलायचे नाहीत. पण पट उघडला की आतली गडमुडशिंगी बाहेर यायची. मग हाय, न्हाय, व्हय सगळं सुरू.

बुद्धिबळ त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानात एक मराठी पुस्तक मिळालं, त्याची पहिली चाळीस पानं फाटलेली होती. डावाचा मध्य कसा खेळावा, शेवट कसा करावा, हे सगळं त्यात होतं. सुरुवात कशी करावी ते नेमकं त्या फाटलेल्या पानांत. "म्हणून सुरुवात माझी मलाच करायला लागली," असं ते सांगायचे, आणि त्यात तक्रार नसायची. थोडी ऐटच असायची.

मला बुद्धिबळ येत नाही. जे थोडं कळतं ते सरांमुळे. जगभरची माणसं डाव सुरू करताना मधली प्यादी पुढे टाकतात, कारण पटाच्या मधल्या घरांवर ज्याचा ताबा त्याचं बाकीचं सैन्य मोकळं होतं. कोपऱ्यातल्या हत्तीपुढचं प्यादं, म्हणजे अगदी कडेचं, पहिल्याच चालीला दोन घरं पुढे टाकणं हे नवशिक्याचं लक्षण समजतात. चौगुले सर तीस वर्षं तीच चाल खेळत होते. त्या घराला एच फोर म्हणतात. कोल्हापुरातल्या स्पर्धांमध्ये सर दारातून आत आले की तरणी पोरं एकमेकांना कोपर मारून म्हणायची, "एच फोर आलं रे!"

सर बहुतेक वेळा हरायचे. सोमवारी मी विचारायची, "काल काय झालं?"

"हारलो की."

"मग हसताय कशाला?"

"बाई, समोर इंजिनिअर होता. पहिल्या चालीला बावीस मिनिटं डोकं धरून बसला बघा! बावीस! माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढा इचार कुणी केला नव्हता."

आमच्या शाळेचा पट तेव्हा दर वर्षी घटत होता. मे महिन्यात आम्ही शिक्षक मुलं शोधत दारोदार फिरायचो. लोक पाणी द्यायचे, बसा म्हणायचे, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालायचे. अशातच सरांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, "मी शाळा सुटल्यावर बुद्धिबळ शिकवतो. दोन पोरं जिल्ह्यात चमकली तर चार पोरं येतील शाळेत." मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिकवा. त्यांना तरी दुसरं काय सुचत होतं?

भूगोलाच्या खोलीत वर्ग सुरू झाला आणि सरांनी सगळ्यांना कडेचं प्यादं शिकवलं. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही हरता ते ठीक आहे. पण मुलांना हे का?"

तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्यांच्याकडं क्लास न्हाय, कॉम्प्युटर न्हाय. क्लासातली पोरं पंधरा पंधरा चाली पाठ करून येत्यात. त्यांच्या रस्त्यानं गेलं की आपलं पोरगं संपलं. पण पहिल्या चालीलाच कडंनं गेलं की त्यांचं पाठांतर तिथंच संपतंय. मग दोघंबी अडाणी. मग ज्याचं डोकं चालंल त्यो जिंकंल. एवढीच संधी हाय बाई, दुसरी मला म्हाईत न्हाय."

त्या वर्गातून अंकिता मगदूम निघाली. आठवीतली, काटकुळी, दोन वेण्या आवळून बांधलेली मुलगी. तिची आई संगीता शाळेच्या मागच्याच गल्लीत एका खानावळीत भाकऱ्या करायची. वडील घर सोडून गेलेले. अंकिता शाळा सुटली की खानावळीच्या मोरीजवळ बसून अभ्यास करायची, ते सोडून ती भूगोलाच्या खोलीत बसायला लागली. आई ओरडली, तर सर स्वतः जाऊन तिची परवानगी घेऊन आले.

ती पोरगी खरोखर विलक्षण होती. तिच्या पहिल्या स्पर्धेला मी बरोबर गेले होते, कारण मुलींसोबत बाई लागते. समोर महागड्या शाळेतली एक मुलगी बसलेली. अंकितानं हत्तीपुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्या मुलीनं पटाकडे बघितलं, अंकिताच्या चपलांकडे बघितलं, आणि हात वर करून पंचांना बोलावलं. "सर, हिला खेळता येत नाही." पंच म्हणाले, "चाल नियमात आहे, खेळ." पाऊण तासानं ती मुलगी रडत बाहेर गेली. चौगुले सर मैदानावर जाऊन एकटेच दोन फेऱ्या मारून आले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाले, "धूळ लई हाय न्हाई?"

दोन वर्षं अंकिता जिंकत गेली. वर्तमानपत्रात एकदा तिचा फोटो आला. मागे सरांचा अर्धा खांदा दिसत होता, तो फोटो त्यांनी कापून पाकिटात ठेवला. शहरातल्या एका खासगी शाळेनं कबूल केलं, की राज्यासाठी निवड झाली तर अकरावी-बारावी आणि वसतिगृह, सगळं फुकट. संगीता मगदूम सरांना म्हणाली, "राज्यात गेली तर जाऊ दे तिला. मी आडवी येनार न्हाय. पण न्हाय गेली तर धावीनंतर माझ्याबरोबर भाकऱ्या. माझं गुडघं किती दिवस चालत्यात मलाच म्हाईत न्हाय. तुमी परत सांगायला यायचं न्हाय, सर." सरांनी मान डोलावली.

निवडीची विभागीय स्पर्धा वारणानगरला होती. अंकिता दहावीत होती. दोन दिवसांत ती सगळे डाव जिंकली किंवा बरोबरीत सुटली, आणि शेवटच्या डावात तिला नुसती बरोबरी पुरणार होती. समोरची मुलगी नाईक सरांच्या क्लासची. नाईक म्हणजे तिशीतला तरुण, स्वतः चांगला खेळाडू, कोल्हापुरात त्याचा क्लास नावाजलेला.

त्या सकाळी सभागृहाबाहेर आम्ही तिघं कठड्यावर बसलो होतो. दुधाचे टँकर रस्त्यानं चालले होते. अंकितानं पोहे अर्धेच खाल्ले आणि प्लेट खाली ठेवून म्हणाली, "सर, आज बरोबरी चालतीया न्हवं?"

"चालतीया की."

"मग आज मधलं प्यादं खेळू? साधं खेळते. राजा कोपऱ्यात नेते आणि गप बसते."

सर रस्त्यावरच्या टँकरकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. मला खेळ कळत नसला तरी पोरगी काय मागतेय ते कळत होतं. तिला एका दिवसापुरतं चारचौघांसारखं व्हायचं होतं. मी बोलायला हवं होतं, पण मला वाटलं, मला काय कळतं त्यातलं.

सर म्हणाले, "भिऊन खेळलीस तर बरोबरीबी न्हाय मिळायची. तुझं जे हाय तेच खेळ. कडंनंच जा."

अंकिता "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

पालकांना दोरीच्या बाहेर उभं केलं होतं. अंकिताचा पट पहिल्याच रांगेत होता, आम्हाला स्पष्ट दिसत होता. तिनं ते प्यादं पुढे टाकलं. आजवर त्या चालीला समोरचा माणूस हसायचा, नाहीतर कपाळाला आठ्या घालून विचारात पडायचा. ही मुलगी हसली नाही आणि विचारातही पडली नाही. तिनं लगेच आपली चाल केली. अंकितानं दुसरी केली, हिनं परत लगेच. तिसरी, चौथी, पाचवी. अंकिता दोन्ही हात मांड्यांखाली दाबून विचार करत होती आणि ती मुलगी पाण्याची बाटली उघडत होती, बंद करत होती.

सरांनी दोरी घट्ट धरली. हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ही बघून आलीया."

"म्हणजे?"

"पाठ करून आलीया. कडंचं पाठ करून आलीया."

पुढचं मला सांगता येणार नाही, पण बघताना कळत होतं. अंकिताचं ते एकटं प्यादं कडेनं पुढे पुढे जात राहिलं आणि समोरच्या मुलीनं पट मधून फोडला. अंकिताचा राजा मध्येच राहिला. त्याला कोपऱ्यात लपवायचं तर तिथली प्याद्यांची भिंत तिनंच पुढे नेलेली. सत्ताविसाव्या चालीला तिनं हात पुढे केला. हरताना करतात तसा. मग सोंगट्या नीट जागेवर लावून ठेवल्या आणि उठली.

बाहेर नाईक सर आपणहून आले. त्यांच्या बोलण्यात माज नव्हता, उलट ओशाळलेपण होतं. "सर, रागावू नका. तुमच्या मुलीचे दोन वर्षांतले सगळे डाव आमच्याकडे आहेत. एच फोरची आम्ही वेगळी फाईल केली होती. हिला अडवायचं तर दुसरा इलाज नव्हता."

"आमच्यासाठी फाईल केली?" सरांनी विचारलं. मान मिळालेल्या माणसाचा आणि मार बसलेल्या माणसाचा आवाज त्यात एकदमच होता.

परतीच्या एसटीत अर्धी बाकं रिकामी होती. अंकिता खिडकीशी बसली, तिच्याशेजारी मी. सर मात्र कोल्हापूरपर्यंत दांडी धरून उभे राहिले. अंकिता एकदाच बोलली. "सर, बसा की." ते बसले नाहीत.

स्टँडवरून ते थेट खानावळीत गेले. आम्ही मागे. दुपार टळलेली, गिऱ्हाईक नव्हतं. संगीता तव्यापुढून उठायला लागली तसे सर दारातूनच हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय. पोरीनं मला इचारलं होतं, साधं खेळू का. मी न्हाय म्हणालो."

संगीतानं आधी पोरीकडे बघितलं. मग हातावरची भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "मी नको म्हणतानं तुमी तिला शिकवलंसा. आता इसरायलाबी तुमीच शिकवा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सर तिथून निघाले ते स्कूटर शाळेत विसरून चालतच गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवतात तेव्हा अजून कसंतरी होतं. ते त्या खासगी शाळेत गेले. मुख्याध्यापक भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. मला नीट बोलता येईना झालंय." मी गेले. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. शांतपणे म्हणाले, निवड झाली असती तर प्रश्नच नव्हता, आता व्यवस्थापन ऐकणार नाही. सर म्हणाले, "मला दोन-तीन वर्षांनी रिटायरमेंट हाय. मग मी तुमच्याकडं फुकट येतो. भूगोल शिकवतो. न्हायतर शिपायाचं काम सांगा, मी करतो." मुख्याध्यापक खाली बघायला लागले. मी सरांच्या बाहीला धरून त्यांना उठवलं. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला बाहीला धरून उठवावं लागलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही नाईक सरांच्या क्लासात गेलो. स्वच्छ खोली, भिंतीवर मोठा पडदा, टेबलांवर संगणक. सरांनी पिशवी मांडीवर घट्ट धरून सांगितलं, "पोरगी हुशार हाय. तिला माझी खोड लागलीया. तेवढी काढली तर ती कुठंबी जाईल. तुम्ही घ्या तिला."

नाईक म्हणाले, "घेतो सर. फी नको. पण एक अट आहे. तुम्हाला वाईट वाटेल."

"सांगा की."

"तिनं तुमच्याबरोबर पटावर बसायचं नाही. निदान दोन वर्षं. दोन तऱ्हेचं शिकवणं एकाच डोक्यात चालत नाही."

"बरोबर हाय," सर म्हणाले. लगेच म्हणाले, जरासुद्धा न थांबता.

अवघडलेपण घालवायला नाईक म्हणाले, "सर, एक डाव खेळू या? तुमच्याबरोबर खेळायचं राहूनच गेलंय." त्यांनी पट लावला आणि मुद्दाम पांढऱ्या सोंगट्या सरांच्या बाजूला ठेवल्या. त्यांना ती चाल बघायची होती, हे मलाही कळलं. सरांनी हात पुढे केला आणि राजापुढचं प्यादं, अगदी मधलं, दोन घरं सरकवलं. सगळं जग टाकतं तसं. त्यांना तसं खेळताना मी पहिल्यांदाच बघत होते. नाईकांनी आपली चाल केली. दहा-बारा चालींत सर हरले. "येतो मग," म्हणून उठले.

अंकिता मार्चपर्यंत नाईकांकडे गेली. परीक्षा झाली आणि तिच्या आईच्या गुडघ्यांनी खरंच दगा दिला. एप्रिलपासून अंकिता तव्यापुढे बसली. क्लास सुटला.

सरांनी शाळेतला बुद्धिबळाचा वर्ग बंद केला. मुलं विचारायची तर म्हणायचे, "पट फाटलाय." पट धड होता, त्यांच्या कपाटात, मी बघितला होता. खानावळीच्या गल्लीतून ते जायचे नाहीत, मोठा वळसा घालून यायचे. हळदीकुंकवाला त्यांच्या मिसेस भेटल्या, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, ह्यांना काय झालंय हो शाळेत? भाकरी खायाची सोडलीया. ताटात वाढली की बाजूला काढून ठेवत्यात. नुसता भात." गडमुडशिंगीचा माणूस, शेतावर वाढलेला. मी त्यांना काय सांगणार? म्हटलं, पित्त असेल.

दोन वर्षांनी एका दुपारी अंकिता शाळेत आली. अंगानं भरली होती, मनगटावर भाजल्याचे डाग. जेवणाची गिऱ्हाइकं संपवून आलेली, तिनं पदरानं तोंड पुसलं. हो, साडी नेसली होती, तव्यापुढे बरी पडते म्हणाली. हातात मोबाईल. शिक्षकखोलीत सर आणि मीच होतो.

"सर, हे बघितलंसा काय? मशीनबी आता एच फोर खेळतंय!"

"कुठलं मशीन?"

"जगातलं सगळ्यात भारी. माणसांनी शिकवलेलं न्हाय, आपलं आपण शिकलेलं. ते सुरुवातीलाच कडंचं प्यादं पुढं घालतंय. आता मोठमोठं खेळाडूबी तसंच खेळायला लागल्यात. तुमी आधीच सांगत हुतासा, सर!"

तिनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. तीस वर्षं ज्याच्यासाठी लोकांनी टिंगल केली ते खरं ठरत होतं. सरांनी मोबाईल हळूच तिच्याकडे परत सरकवला.

"मशीनला काय गं," ते म्हणाले. "त्ये हारलं तर त्याच्या आईला जाऊन कोण सांगायचं हाय?"

अंकिता खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "सर, एक सांगू? मी त्यो वारणानगरचा डाव मशीनवर घालून बघितला. मी प्याद्यामुळं हारले न्हाय. एकोणिसाव्या चालीपत्तुर डाव बरोबरीत हुता. तिथं माझा घोडा चुकला. तुमची चाल बरोबर हुती. चूक माझी हुती."

तिनं तो डाव मोबाईलवर लावून दाखवला. एक एक चाल बोटानं पुढे नेत ती एकोणिसाव्या चालीवर थांबली आणि घोडा कुठे जायला हवा होता ते दाखवलं. सर वाकून बघत होते. किती वेळ बघत होते! शेवटी म्हणाले, "व्हय की. घोडाच चुकला."

"मग? उगंच मनाला लावून घेतलंसा."

"व्हय. उगंच."

ती उठली तेव्हा तिचा चेहरा हलका झाला होता. सर दारापर्यंत पोचवायला गेले. "आईला इचारलंय म्हणून सांग," म्हणाले. मलाही बरं वाटलं. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की सर सुटले एकदाचे.

पुढच्या वर्षी एका लग्नात नाईक भेटले. मी हे सगळं त्यांना आनंदानं सांगायला गेले. ते ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "एकोणिसावी चाल? नाही हो बाई. तो डाव बाराव्या चालीलाच संपला होता. पुढं काहीही खेळली असती तरी हरलीच असती."

"मग अंकिताला नीट कळलं नसेल."

"तिला सगळं कळतं. कोण किती पुढं आहे त्याचा आकडाच मशीन दाखवतं समोर."

"म्हणजे तिनं सरांना बरं वाटावं म्हणून..."

"तसंच असणार. पण सर कसे फसले?" नाईकांनी ताट खाली ठेवलं. "ती माझ्याकडे यायला लागली त्याच महिन्यात सर एकटे आले होते. सगळा डाव तोंडपाठ म्हणाले. कुठं संपला ते विचारायला आले होते. बारावी चाल, असं मीच त्यांना सांगितलंय."

म्हणजे तिनं खोटं सांगितलं, आणि ते खोटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते तिच्या हातून घेतलं, कारण तिला ते द्यायचं होतं. ते सुटले नव्हते. त्यांनी तिला सोडवलं होतं. मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले.

सर निवृत्त झाले. निरोपाला बोला म्हटलं तर "मुलांनो, नकाशाची वही नीटनेटकी ठेवा," एवढंच बोलून बसले. वर्षभरात आमच्या शाळेचा पट इतका खाली आला की ती दुसऱ्या शाळेत मिसळून टाकली. मीही निवृत्त झाले. अंकिता त्याच खानावळीत आहे. आता खानावळ तीच चालवते असं ऐकते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या मुलीला घेऊन मी एका रविवारच्या स्पर्धेला गेले होते. मोठं मंगल कार्यालय, सत्तर-ऐंशी पट मांडलेले. तिला जागेवर बसवून दोरीबाहेर आले, आणि शेवटच्या रांगेत चौगुले सर दिसले. खूप वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती. समोर सात-आठ वर्षांची एक मुलगी, खुर्चीवरून पाय जमिनीला पोचत नव्हते. पांढऱ्या सोंगट्या सरांकडे.

पंचांनी सुरुवात सांगितली. एकदम सगळ्या घड्याळांची बटणं दाबल्याचा आवाज झाला आणि सगळ्या पटांवर हात हलायला लागले. सरांचा हात हलला नाही.

मला वाटलं, विचार करत असतील. थोड्या वेळानं त्यांनी हात उचलला आणि कडेच्या प्याद्यावर नेला. बोटं प्याद्याला लागली नाहीत. हात परत मांडीवर आला. मग मधल्या प्याद्याकडे गेला, तिथूनही परत आला. घड्याळात त्यांची मिनिटं कमी होत होती, मला इथून आकडे दिसत होते. वीस. पंधरा. त्या मुलीनं आधी पाय हलवले, मग पेन्सिल चावली, मग मान वळवून आईला शोधलं. बाजूच्या पटांवर डाव अर्धे झाले होते. सर बत्तीस सोंगट्यांकडे बघत होते. चेहऱ्यावर घाम होता. एकदा ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

पंच एकदा येऊन वाकून विचारून गेले. सरांनी मान हलवली, ठीक आहे म्हणून.

मी दोरीपर्यंत पुढे गेले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण काय सांगणार होते मी? कुठलं प्यादं?

घड्याळ शून्यावर आलं. वेळ संपली की डाव गेला. मुलीला काही कळेना, ती पटाकडेच बघत होती. सरांनी निकालाची चिठ्ठी पुढे ओढली, तिच्या नावापुढे एक लिहिला, स्वतःच्या नावापुढे शून्य, आणि सही केली. मग हात पुढे केला. तिनं आपला एवढासा हात त्यांच्या हातात दिला.

"छान खेळलीस," सर म्हणाले.

"पण आजोबा," ती म्हणाली, "मी अजून खेळलेच नाही."